टोपी घातलेला टी-रेक्स

कर्नल साहेबांच्या मुलीला वाढदिवसाला खरा डायनासोर हवा होता, आणि माझ्या वडिलांनी तो आदेश म्हणून घेतला.

आबा फौजेत सुभेदार आहेत. ‘खरा डायनासोर मिळेल का?’ या प्रश्नाला ‘नाही, ते मेले’ असं उत्तर द्यायची फौजेत पद्धत नाही. ‘मिल जाएगा, मॅडम’ असं उत्तर असतं, आणि मग घरी येऊन चहा पीत विचार करायचा असतो. आबांनी चहा पीत विचार केला आणि माझ्याकडे बघितलं.

मी गुडगावच्या एका मॉलमध्ये डायनासोर आहे. झूलॉजीत बी.एस्सी. झालो आणि प्राण्यांशी संबंधित नोकरी शोधली, त्यात ही मिळाली. तिसऱ्या मजल्यावर मुलांच्या खेळायच्या जागेत मी टी-रेक्सच्या आत उभा असतो. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, वर फोम, वर हिरवं रबर. उजव्या हातात जबड्याची दोरी. डाव्या हातात एक काठी, तिने पुढचे दोन चिमुकले हात हलतात. गळ्याशी जाळी आहे, तिच्यातून दिसतं. मानेत एक छोटा पंखा आहे, त्याने जगता येतं.

“युवराज, घरी आणता येतोय का?” आबांनी विचारलं.

“दुरुस्तीला म्हणून आणता येईल.”

“आण.”

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण घरात झाशीजवळची पोस्टिंग आली होती. बबिना. दसऱ्याच्या आत हजर व्हायचं, म्हणजे दिल्ली कॅन्टचं क्वार्टर सोडायचं, म्हणजे सोनमची शाळा सुटणार. सोनम माझी धाकटी बहीण, बारावीत. तिने एव्हाना इतक्या शाळा बदलल्या होत्या की प्रत्येक राज्याचं गीत तिला अर्धं अर्धं येत होतं. मार्चपर्यंत दिल्लीत राहू द्या, असा अर्ज आबांनी केला होता. तो कर्नल साहेबांच्या टेबलावर होता आणि हलत नव्हता. डायनासोर बरा झाला तर अर्ज हलेल असं आबांना कोणी सांगितलं नव्हतं. कर्नल साहेब तसले नव्हतेच. पण अर्ज आणि डायनासोर एकाच घरी चाललेत, एवढं आबांना पुरे होतं. ते रात्री कुशी बदलायला लागले, आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकाने कूस बदलली की सगळ्यांना कळतं.

विनया मॅडमनी, म्हणजे कर्नल साहेबांच्या पत्नीने, फोनवर बजावलं होतं. “सिनेमातला नको हं, सुभेदार साहेब. राधाला सिनेमातले चालत नाहीत. मागे थिएटरात नेलं तर ती उठून उभी राहिली आणि पडद्याला समजावून सांगायला लागली. मॅनेजर आला. मग त्यालाही समजावून सांगितलं.”

“जी, मॅडम.”

“गेल्या वर्षी जादूगार बोलावला होता. तो रडत गेला.”

“जी, मॅडम.”

राधा नऊ वर्षांची होणार होती.

मॉलचा सूट मी बाहेरच्या खोलीत उभा केला. शेपूट स्वयंपाकघरात गेली. आई तिच्यावरून ओलांडून पोळ्या करत राहिली. मी दोन दिवस वाचलं आणि आबांना अहवाल दिला.

“हा पूर्ण सिनेमातला आहे, आबा. पंजे जमिनीकडे वळलेत. खरे एकमेकांकडे असायचे, टाळी वाजवताना असतात तसे.”

“मग वळव.”

“शेपूट घासतेय. ती हवेत आडवी पाहिजे.”

“आडवी कर.”

“दात बाहेर दिसतात. ओठांनी झाकलेले असावेत, असं आता शास्त्रज्ञ म्हणतात.”

“त्यांची रँक काय?”

“डॉक्टर.”

“कॅप्टन धरू. झाक.”

“आणि पिसं. पिसांबद्दल मतभेद आहेत. एवढ्या मोठ्या जनावराला बहुतेक खवलेच असणार. कुठेतरी थोडी पिसं असतीलही.”

मतभेद हा शब्द आबांना आवडत नाही. “मतभेद असला तर दोन्ही ठेवायचं,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीवरून परतणाऱ्या एका हवालदाराकरवी पानिपतहून पोतंभर तपकिरी भुसभुशीत लोकर आणवली. तिथे जुने स्वेटर पिंजून त्याची ब्लँकेटं करतात, त्यातली.

“पानिपतहून मराठा काहीतरी घेऊन परत आला,” सोनम पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

आबा हसले नाहीत. आईने फेविकॉल लावून मानेवर आणि पाठीवर लोकर चिकटवली. डायनासोर आता आजारी अस्वलासारखा दिसत होता, पण त्याला शास्त्राचा आधार होता. थोडा.

राहिला आवाज. सूटच्या छातीत डबी आहे, बटण दाबलं की सिनेमातली गर्जना येते. ती काढावी लागली. जे खरे जाणकार आहेत त्यांचा अंदाज असा की तो तोंड उघडून ओरडतच नसेल. तोंड मिटून घशातून काहीतरी खोल काढत असेल, मगर काढते तसं. मी संध्याकाळभर प्रयत्न केला. सोनम म्हणाली, दादा, मिक्सरमध्ये ओलं खोबरं अडकलंय. दुसऱ्या वेळी म्हणाली, आता चटणी झाली.

मग जेवताना आईने विचारलं, “अहो, सोनमच्या परीक्षेचं साहेबांना तोंडाने सांगितलंत का एकदा?”

आबांनी घास हातात धरला, तोंड मिटलेलं ठेवलं, आणि घशातून एक आवाज केला.

तो आवाज आम्ही जन्मापासून ऐकतोय. तो होकार नसतो, नकार नसतो. गावाकडे आजी गेल्याची तार आली तेव्हा तो आला होता, मी नोकरी काय करतो ते सांगितलं तेव्हाही आला होता. तो जमिनीतून येतो आणि त्याच्यानंतर कोणी काही विचारत नाही. सोनमने माझ्याकडे बघितलं. मी सोनमकडे बघितलं.

“आबा,” मी म्हणालो, “परत करा ना.”

“काय?”

त्यांना माहीतच नव्हतं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शेवटची अडचण निघाली. “साहेब आले की सॅल्यूट,” आबा म्हणाले.

“हात पोचत नाहीत. एवढेसे असतात ते.”

“प्रयत्न कर.”

“पोचले तर चूक होईल. राधाकडे मोजायची पट्टी असते, मॅडम म्हणाल्यात. आणि आबा, मी सिव्हिलियन आहे.”

“तू आहेस. तो युनिटतर्फे चाललाय.” आबा खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. तीन पावलं झाली की भिंत येते, मग वळायचं. सॅल्यूट न करणारा टी-रेक्स त्यांना पचत नव्हता, सॅल्यूट करणारा राधाला पचला नसता, आणि मधोमध सोनम बसून सेंद्रिय रसायनशास्त्र करत होती. अचानक ते थांबले. त्यांचा चेहरा सुटला. “टोपी,” ते म्हणाले. “डोक्यावर टोपी नसली की सॅल्यूट नसतो. नुसतं सावधान उभं राहायचं. ह्याला टोपी नाही.”

“नाही.”

“मग ठरलं. टोपी नाही, सॅल्यूट नाही.”

ते त्या रात्री झोपले.

सप्टेंबरची संध्याकाळ होती आणि हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसत होती. कर्नल साहेबांच्या बंगल्याच्या हिरवळीवर मुलं, आया, काही अधिकारी, एक लॅब्रॅडॉर. केक चौकोनी होता. बेकरीने पाठवलेला डायनासोरचा केक सकाळीच परत गेला होता. साहेब अजून ऑफिसात होते. आबा मेंदीच्या कुंपणाशी उभे होते, अंगठे पँटच्या शिवणीवर.

राधा पट्टी घेऊन आली. तिने डोक्यावर सोनेरी कागदाची निमुळती टोपी घातली होती. बाकीची मुलं तिच्या मागे थांबली. त्यांना अनुभव असावा.

ती माझ्याभोवती एक चक्कर मारून समोर आली.

“पंजे ठीक आहेत,” ती म्हणाली.

मी जाळीतून तिच्याकडे बघत राहिलो.

“शेपूट ठीक. ओठ पण केलेत. अच्छा.” तिने लोकरीचा एक झुपका चिमटीत धरला. “हे काय आहे?”

झूलॉजीची तोंडी परीक्षा मला आठवली. ती एवढी शांत नव्हती.

“त्यात मतभेद आहेत, बेबी,” कुंपणाकडून आबा म्हणाले. “म्हणून थोडीच लावलीत.”

राधाने वळून त्यांच्याकडे बघितलं, मग मान हलवली. “बिल्कुल. मतभेद आहेत.” झुपका तिने सोडला. त्यातली निम्मी लोकर उडाली आणि माझ्या मानेतल्या पंख्याकडे गेली. मी ते बघितलं. काही करता येण्यासारखं नव्हतं.

“आता सगळे स्टॅच्यू,” राधा म्हणाली.

हिरवळीवर सगळे जिथे होते तिथे थिजले. हा सापळा होता. सिनेमात न हलणारा माणूस टी-रेक्सला दिसत नाही, तो नाकासमोरून वास घेत निघून जातो. मॉलमध्ये मी रोज तेच करतो, मुलांना फार आवडतं. खऱ्याची नजर म्हणे गरुडाच्या तोडीची होती. राधा मला चुकायची संधी देत होती, आणि तिच्या मागे कुंपणाशी आबाही स्टॅच्यू झाले होते, कारण आदेश सगळ्यांना होता.

मी मान वळवली. सामोसा तोंडाजवळ नेलेला एक जाडसर मुलगा समोर होता. मी त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याने श्वास धरला. मी मान खाली घातली. त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला, माझ्या कपाळावरूनही निघाला. मी आणखी खाली गेलो. सामोसा थरथरायला लागला.

“मम्मी, याला मी दिसतोय,” तो न हलता म्हणाला, आणि पळाला.

“करेक्ट,” राधा म्हणाली.

पंखा घरघरायला लागला होता.

मुलांना आता धीर आला. “दहाड मार, दहाड मार,” एकाने सुरू केलं आणि सगळे टाळ्या वाजवत म्हणायला लागले. विनया मॅडमही हसत टाळ्या वाजवत होत्या. राधा वाजवत नव्हती. ती वाट बघत होती.

मी जबडा मिटून घेतला. डोळेही मिटले. जेवणाचं ताट डोळ्यांसमोर आणलं, आईचा प्रश्न आणला, बबिना आणलं, आणि आबा जिथून काढतात तिथून तो आवाज काढला.

टाळ्या थांबल्या. फोमच्या पोकळीत तो आवाज घुमून बाहेर पडला तेव्हा माझाही राहिला नव्हता. लॅब्रॅडॉर टेबलाखाली गेला. एका बाईने हेलिकॉप्टर आलं का म्हणून वर बघितलं. एक लहान पोर आईच्या पायाला चिकटलं, पण रडलं नाही. रडायचा आवाज ऐकू जाईल असं त्याला वाटलं असावं. मी आवाज चालू ठेवला. राधा पुढे आली आणि तिने माझ्या छातीवर तळवा ठेवला.

“खरा आहे,” ती हळूच म्हणाली.

जाळीतून मला आबा दिसले. त्यांचे अंगठे शिवणीवरून सुटले होते. झालं, मला वाटलं. सोनम दिल्लीत राहिली.

आणि पंखा बंद पडला. लोकर पूर्ण आत गेली होती. पानिपतात जे व्हायचं ते झालं.

आतली हवा लगेच जड झाली. आता वाकून निरोप घ्यायचा आणि गॅरेजमागे जाऊन चेन उघडायची, एवढाच विचार मी करत होतो. पण राधाने खुर्ची ओढली. ती खुर्चीवर चढली, स्वतःची सोनेरी टोपी काढली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि तिचं इलॅस्टिक जबड्याखालून घेतलं. जबडा घट्ट मिटला. आता जाळीतून येईल तेवढीच हवा उरली.

त्याच वेळी फाटकात जिप्सी थांबली.

कर्नल सुधन्वा साहेब उतरले. युनिफॉर्ममध्ये, टोपीसकट. आबांचा सॅल्यूट असा गेला की कुंपणाची पानं हलली. साहेबांनी तो घेतला आणि हिरवळीवर आले. आबांची नजर त्यांच्या मागोमाग आली, माझ्यापाशी थांबली, आणि हळूहळू वर गेली. टोपीपर्यंत.

मी जाळीतून सगळं बघत होतो. आबांच्या चेहऱ्यावर अर्ज आला, बबिना आलं, सोनमच्या सगळ्या शाळा एकामागून एक आल्या. टोपी आहे. साहेब समोर आहेत. युनिटचा डायनासोर ढिम्म उभा आहे.

“युवराज,” ते म्हणाले. ओठ हलले नाहीत. परेडवर म्हणतात तसं, जमिनीलगत.

माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले होते. मी उजव्या हाताने जबड्याची दोरी सगळा जीव लावून ओढली. इलॅस्टिक ताणलं, जबडा उघडला. डाव्या हातातली काठी मी सोडली आणि तो हात त्या फटीतून बाहेर घातला. हवेसाठी घातला की सॅल्यूटसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. पण लहानपणापासून या घरात वाढल्यामुळे बाहेर पडल्यावर बोटं आपोआप जुळली, हात कोपरातून वळला आणि टी-रेक्सच्या डोळ्याशी जाऊन थांबला.

डायनासोरच्या तोंडातून माणसाचा हात निघून कमांडिंग ऑफिसरला सॅल्यूट करत होता.

“हे काय आहे?” कर्नल साहेबांनी विचारलं.

आबांचे अंगठे परत शिवणीवर गेले.

राधा खुर्चीवरूनच वाकून माझ्या तोंडात बघत होती. “तो चावून खायचा नाही, बाबा. मोठे तुकडे तसेच गिळायचा. हा आत गेलेला जवान आहे. अजून जिवंत आहे.” तिने थोडा विचार केला. “हे बरोबर आहे.”

साहेब जवळ आले. त्यांनी हात नीट बघितला. “डाव्या हाताने सॅल्यूट करतोय.”

आबांच्या चेहऱ्यावरचं रक्त खाली गेलेलं मला आतून दिसलं. डाव्या हाताचा सॅल्यूट. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालच्या एका रिक्रूटनेही केला नसेल, आणि तो आज आपल्या रक्ताने केला.

“उजवा आधी खाल्ला असेल,” राधा म्हणाली.

साहेबांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट घेतला. पूर्ण, व्यवस्थित, जखमी जवानाचा घ्यावा तसा.

त्यानंतर मी पडलो.

टी-रेक्स पडला तर हात टेकता येत नाहीत, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. मी मेंदीवर आडवा झालो. आबांनी चेन ओढली, मला खांद्यापर्यंत बाहेर काढलं, कोणीतरी लिंबूपाणी तोंडाला लावलं. पाय अजून डायनासोरमध्येच होते.

“हा तुमचा मुलगा?” साहेब माझ्या डोक्याशी उभे राहून विचारत होते.

“जी, साब.” आबा सावधान होते.

“बरा आहे ना रे?”

“जी,” मी म्हणालो.

“सुभेदार साहेब, पोस्टिंग पुढे ढकलायचा अर्ज तुमचाच ना? बरं झालं भेटलात. त्यात कारण काय लिहिलंय तुम्ही?”

“घरगुती कारण, साब.”

“तेच. ते मी वर काय म्हणून पाठवू? मी क्लर्कला सांगून परत पाठवला, म्हटलं कारण लिहा. तो परत आला. ‘घरगुती कारण’. या वेळी खाली रेघ मारलेली.”

आबा समोर बघत राहिले. मला माहीत होतं. माझ्या जन्माच्या सुट्टीच्या अर्जात तेच लिहिलं होतं, आजीच्या दहाव्याला तेच. घरातलं घरात राहावं, साहेबांच्या टेबलावर मांडू नये, असं त्यांना वाटतं. मांडलं तर ते भीक मागितल्यासारखं होतं. म्हणून ते डायनासोर घेऊन आले होते.

“काय आहे घरगुती?” साहेबांनी विचारलं.

आबांनी तोंड मिटलं आणि तो आवाज केला.

राधा खुर्चीवरून उतरली. ती माझ्याकडे न बघता आबांकडे गेली आणि मान वर करून ऐकत राहिली. “बाबा, ऐका,” ती कुजबुजली. “यांचा ओरिजिनल आहे.”

“राधा, एक मिनिट.” साहेब आबांपासून नजर काढत नव्हते. “सुभेदार साहेब. तोंड उघडून सांगा.”

मी सांगणार होतो. मी कोपरावर उठलोही, पण आबांचं एक बोट शिवणीवर हललं. गप.

मग लॅब्रॅडॉरसुद्धा टेबलाखालून बाहेर येऊन बसला, एवढा वेळ गेला.

“मुलगी बारावीला आहे, साब,” आबा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता, वरचा होता, उघडा. “मार्चात पेपर आहेत. लहानपणापासून माझ्यामागं शाळा बदलत फिरतीये. कधी काही बोलली नाही. ह्या वेळी... एवढा एक वेळ तिला एका जागी बसू द्यावं म्हणत होतो.”

“एवढंच?”

“जी, साब.”

“मग हेच लिहा. जसं म्हणालात तसं. सकाळी माझ्याकडे आणा, मी शिफारस करून पाठवतो.” साहेब केककडे निघाले, मग थांबले. “आणि सुभेदार साहेब, उद्या कारण वाचून मला तुमच्या घशातलं हेलिकॉप्टर ऐकू आलं नाही पाहिजे.”

घरी आल्यावर आबांनी अर्ज सोनमच्या टेबलावर बसून लिहिला. तीन कागद फाडले. पूर्ण झाल्यावर तिला वाचायला दिला आणि ती वाचत असताना बाहेर जाऊन उभे राहिले. सोनमने वाचला, बराच वेळ तसाच धरून ठेवला, आणि शेवटी सवयीने लिहिलेलं ‘घरगुती’ तेवढं खोडलं.

उत्तर यायला आठवडे लागले. आईने भांडी पोत्यात भरायला घेतली होती आणि अर्धी भरून थांबली होती, त्यामुळे आम्ही त्या दिवसांत वाटीतून चहा पीत होतो. एका दुपारी आबा अवेळी घरी आले. दारातच उभे राहिले, बूट न काढता. सोनमने पेन खाली ठेवलं.

आबांनी घशातून आवाज केला.

“अहो,” आई म्हणाली, “तोंड उघडून.”

“राहतोय,” आबा म्हणाले. “मार्चअखेरपर्यंत.”

सोनमने पेन उचललं आणि वहीत तोंड घातलं. ती पुढचा बराच वेळ काही लिहीत नव्हती. आबांनी बूट काढले, जागेवर लावले, मग माझ्याकडे वळले.

“आणि तू. उभा राहा,” ते म्हणाले. “उजवा हात.”